बॉयलरचं पुढं काय झालं?

वाचनालयात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "व्वा! म्हणजे दिवसभर वाचायला मिळत असेल!" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. अहो, पेढ्याच्या दुकानातला माणूस दिवसभर पेढे खात बसतो का? मी कोल्हापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभागात होते. एकोणीसशे साठचं दशक संपता संपता नोकरीला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच काउंटर, तीच खुर्ची. देवघेव म्हणजे सभासदाला पुस्तक द्यायचं, परत घ्यायचं आणि या दोन्हींच्या मधे त्याचं बोलणं ऐकून घ्यायचं. पगार पहिल्या दोन कामांचा मिळायचा. तिसरं फुकट.

त्या काळी आमच्याकडं वाचकाला कपाटापर्यंत सोडत नसत. त्यानं चिठ्ठीवर पुस्तकाचा नंबर लिहून द्यायचा आणि आम्ही आत जाऊन पुस्तक आणायचं, असा नियम. नंबर लिहितोय कोण! "बाई, ते निळं पुस्तक द्या." कुठलं निळं? "गेल्या पावसाळ्यात नेलतो बघा, जाडजूड." आता या वर्णनावर मी काय कपाळ फोडून घेऊ? गंगावेशीतल्या एक काकू यायच्या, त्यांना रडवणारी कादंबरी हवी असायची, पण त्यात कुणी मेलेलं चालायचं नाही. एक पैलवान होता, तो नुसत्या रहस्यकथा न्यायचा. शेवटचं पान आधी वाचायचा आणि खून कुणी केला ते पहिल्या पानावर लिहून ठेवायचा. मी झाप झाप झापलं, तर म्हणतो कसा, "म्होरल्या माणसाचा येळ वाचतोय की बाई."

आणि पुस्तकात पेन्सिलीनं रेघा मारणारे! त्यांच्याविषयी बोलायला लागले तर हा दिवाळी अंक पुरायचा नाही.

या सगळ्यांपेक्षा मला वीट यायचा तो चौकशीवाल्यांचा. आमच्याकडं स्थळ आलं की मुलाची चौकशी करायची पद्धत मोठी कडक. पानपट्टीवाल्याला विचारायचं, तंबाखू खातो का. घरमालकाला विचारायचं, रात्री किती वाजता येतो. आणि मुलगा मास्तर, प्राध्यापक किंवा ऑफिसातला असेल तर मुलीकडचे थेट वाचनालयात. "बाई, अमका तमका तुमचा सभासद न्हवं? काय वाचतोय त्यो?" जणू मी पुस्तकांच्या नव्हे, माणसांच्या चारित्र्याचे दाखले देत बसलेय. मी ठरवून टाकलं होतं, कोण काय वाचतं ते मेले तरी सांगायचं नाही. "पुस्तक वेळेवर परत करतात," एवढं एकच उत्तर सगळ्यांना. त्यावर कितीतरी लग्नं जमली. काही मोडलीही असतील, आपल्याला काय माहीत.

आता मूळ गोष्टीकडं येते.

सत्तरच्या पुढचे दिवस. एक निवृत्त इंजिनिअर पुणे-मुंबईकडं मुलाकडं राहायला निघाले आणि त्यांनी त्यांची इंग्रजी पुस्तकं आमच्या वाचनालयाला दिली. पोती भरून आली. पुलांची, धरणांची, काँक्रीटची पुस्तकं. आमचे कार्यवाह नाना म्हणाले, "बाई, नोंदी करून घ्या." मी धूळ झाडत बसले. त्या काँक्रीटमधे एक बारकीशी कादंबरी निघाली. कव्हरवर काळा झगा घातलेला एक प्राध्यापक, त्याच्या एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात सपात. नोंद कुठल्या विषयात करायची ते बघायला मी पहिलं पान उघडलं आणि तिथंच अडकले.

माझं इंग्रजी म्हणजे बी.ए.ला गाइड घोकून पास झालेलं. कोश जवळ घेतल्याशिवाय पान उलटायचं नाही. पण त्या पुस्तकाला कोश लागेचना. विलायतेतल्या एका लहानशा गावातलं कॉलेज, तिथला हा प्राध्यापक. मनानं चांगला, हुशारही असावा, पण हात लावील ते काम बिघडणार. एक दिवस कॉलेजात दोन माणसं यायची असतात. एक जगप्रसिद्ध विद्वान, व्याख्यानाला. आणि एक पाईप दुरुस्त करणारा, कारण तळघरातला बॉयलर बंद पडून सगळं कॉलेज थंडीनं कुडकुडत असतं. दोघांना स्टेशनावरून आणायला हाच पाठवलेला. झालं! पाईपवाल्याला यानं वाकून नमस्कार केला, प्राचार्यांच्या घरी उंची जेवण घातलं. आणि त्या थोर विद्वानाच्या हातात पान्हा देऊन त्याला तळघरात पिटाळलं, वर "उशीर केलात" म्हणून दमही भरला.

मी हसले. हसले म्हणजे पदर तोंडात कोंबून हसले. नाना आले, म्हणाले, "बाई, काँक्रीटच्या पुस्तकात हसण्यासारखं काय सापडलं?"  आयुष्यात पहिल्यांदा एक इंग्रजी पुस्तक मला कुणी न समजावता कळलं होतं, आणि ते हसवत होतं! तो आनंद काय होता ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

आनंद झाला की तो दुसऱ्याच्या गळ्यात मारायची मला वाईट खोड. इंग्रजी वाचणारा जो सभासद येईल त्याला मी ते पुस्तक काढून द्यायला लागले. "घ्या हो, हसून पोट दुखेल." एक निवृत्त हेडमास्तर घेऊन गेले. परत आणलं ते कपाळाला आठ्या घालून. "असल्या माणसाला कायम कसं केलं? यात प्राचार्याची चूक आहे." एका डॉक्टरांना दिलं. "याला झोप पुरत नसावी," म्हणाले. शाहूपुरीतले एक गुळाचे व्यापारी होते, इंग्रजी चांगलं वाचायचे. त्यांनी पुस्तक ठेवलं आणि हळहळले, "बाई, त्यो पाईपवाला फुकट जेवला की हो!" देवा रे! मला वाटायचं, या गावात मिसळ खाऊन माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं, पण हसून काही यायचं नाही.

मग आले आवटी सर.

आवटी सर इथल्याच एका कॉलेजात भूगोल शिकवायचे. घर जैनांचं, मूळ शिरोळकडचं. वडील नव्हते. राजारामपुरीत दोन खोल्यांत आई आणि ते. वय तिशीच्या पुढं गेलेलं. आमची पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयात परत करायचे आणि कॉलेजची आमच्याकडं आणून द्यायचे. एकदा वर्गाची सहल पन्हाळ्याला न्यायची होती. सरांनी पोरांना एसटीत बसवलं, आणि बस गेली अगदी उलट्या दिशेला, भुदरगडाजवळच्या गारगोटीला. भूगोलाचे प्राध्यापक बरं का! पोरांनी आरडाओरडा केला तर सर म्हणाले, "आलोच आहोत तर इथला दगड बघू." दिवसभर भुदरगडचा दगड बघून सगळे परत आले. पोरं म्हणे खूश होती. प्राचार्य नव्हते.

त्यांना मी ते पुस्तक दिलं, खरं सांगायचं तर जरा भीतभीतच. दुसऱ्या दिवशी सर काउंटरला आले ते हसतच आले. बोलायला तोंड उघडायचे आणि पुन्हा हसायला लागायचे. "बाई, तो तळघरात... पान्हा घेऊन..."  मीही हसायला लागले. मागं रांग लागली होती, त्यातला एक म्हणाला, "आवो, पुस्तकं देतासा का आमी जाऊ?" पण त्या दिवशी मला त्याचा रागसुद्धा आला नाही.

आता सरांच्या लग्नाचं. आई मागं लागलेली आणि स्थळं एकामागून एक फिसकटत चाललेली. एका ठिकाणी तर सर भलत्याच घरात शिरले, पोहे खाल्ले, गप्पा मारल्या आणि त्या लोकांना वाटलं खोली भाड्यानं बघायला आलाय. मुलगी शेजारच्या घरात नटून बसलेली. त्यानंतर इचलकरंजीच्या मगदूमांचं स्थळ आलं. मोठे सूतव्यापारी, स्वतःची मागांची शेडही होती. एकुलती एक मुलगी सुनंदा, बी.ए. झालेली. आई नव्हती तिला. बघण्याचा कार्यक्रम इथं कोल्हापुरात, मुलीच्या मामांच्या घरी ठरला. मामा म्हणजे चौगुले वकील, आमचे जुने सभासद. मी सरांना बजावलं, "सर, घर चुकू नका, आणि गप्प बसा. विचारतील तेवढंच बोला."

घर चुकले नाहीत. गप्प मात्र बसले नाहीत. वकिलांनी विचारलं, "आवड काय?" आणि या सद्‌गृहस्थानं पिशवीतून ते पुस्तक काढलं! मुलगी बघायला जाताना वाचनालयाचं पुस्तक बरोबर नेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तिथं बसून पाईपवाल्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली, स्वतःच हसत. थोर विद्वान पान्हा घेऊन तळघरात उतरतात इथपर्यंत आले, आणि वकिलांनी मधेच विचारलं, "ते असू द्या. नोकरी कायम आहे का?" कायम होती. ते सांगून, चहा घेऊन सर घरी आले. पुस्तक तिथंच टीपॉयवर विसरून.

हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, "सर, तुमच्यापुढं आता हात टेकले." तर ते हळूच म्हणाले, "बाई, कुणी हसलं नाही ते खरं. पण त्या ऐकत होत्या हो."  इतकी स्थळं झाली, पण हे स्थळ त्यांना मनापासून हवं होतं.

आठवड्याभरात चौगुले वकील आले आणि पुस्तक काउंटरवर आपटलं. "घ्या हे तुमचं. आवटींच्या नावावर आहे. सही घेऊन मोकळं करा."

मी पुस्तक उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. पानापानावर पेन्सिलीच्या रेघा. समासात बारीक अक्षरात शेरे: बेजबाबदारपणा. संस्थेची दिशाभूल. खोटं विधान. पुन्हा खोटं विधान. पाईपवाल्याच्या जेवणापाशी, संस्थेच्या पैशाचा अपव्यय.

"वकीलसाहेब, हे काय आहे?"

"वाचलं मी सगळं. कामाचा माणूस असा असतो काय हो? प्रत्येक प्रकरणात नवा गुन्हा."

"अहो, ती कादंबरी आहे!"

"असू दे की. लिहिणाऱ्यानं कुठं तरी बघितल्याशिवाय लिहिलं होय?"

"विनोदी आहे ती!"

"कुठं लिहिलंय विनोदी? दाखवा."

मी शोधलं हो! कव्हर बघितलं, आतलं पान बघितलं, मलपृष्ठ बघितलं. विनोदी कादंबरी असं कुठंही छापलेलं नव्हतं. वकिलांनी कव्हरवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "हा तुमचा आवटी हे पुस्तक दोनदा वाचतो, हसतो, वर मुलगी बघायला येताना घेऊन येतो. म्हणजे त्याला हे सगळं पटतंय. स्वतःबद्दलचं वाचल्यासारखं वाचतोय तो."

"तुम्ही खुनाच्या खटल्याचं पुस्तक गेल्या महिन्यात नेलं होतं. म्हणजे तुम्ही काय..."

"बाई." त्यांनी आवाज खाली आणला. "सुनंदाला आई न्हाय. माझी बहीण जाताना तिचा हात माझ्या हातात देऊन गेली. पुस्तकातल्या मास्तरला हसायला काय जातंय तुमचं? माझ्या भाचीला त्याच्याबरोबर जन्म काढायचाय. आम्ही नकार कळवला."

 माणूस खोटं बोलत नव्हता. चुकत होता, पण खोटं बोलत नव्हता. याचाच मला जास्त संताप आला.

त्या पेन्सिलीच्या रेघा खोडायला मला किती दिवस लागले म्हणून सांगू? जुना कागद, जोरात खोडलं की फाटतो. मऊ खोडरबर घ्यायचा आणि एकाच दिशेनं, हलक्या हातानं घासायचं. घासताना मी चौगुल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, मनातल्या मनात, कारण वाचनालयात शांतता पाळायची असते.

आणि आवटी सर? ते शहाण्यासारखे वागायला लागले! मला ते बघवेना. पुस्तकं बरोबर आमचीच आणून द्यायची, छत्री विसरायची नाही, निघताना तीनतीनदा खिसे चाचपायचे. एक दिवस म्हणाले, "बाई, वेळेचं नियोजन वगैरे शिकवणारं काही आहे का? आणि विनोदी आता नको." मी म्हटलं, "सर, गप बसा." "नाही हो, आई रडते. आणि त्यांचं काय चुकलं? माझ्यासारख्याच्या घरात मुलगी कोण देईल?" मी त्यांना ते वेळेच्या नियोजनाचं पुस्तक दिलं. माझं काम होतं ते. पण देताना असं वाटलं की फेकून मारावं. त्यांना नाही, पुस्तक लिहिणाऱ्याला.

असाच महिना दीड महिना गेला. एक दिवस दुपारी काउंटरपुढं फेटा बांधलेले एक धिप्पाड गृहस्थ उभे राहिले. मागं एक मुलगी, साध्या साडीतली, सावळी. गृहस्थ म्हणाले, "बाई, आमी इचलकरंजीचे मगदूम. शाहूपुरीत कामाला आलतो. ही पोरगी ऐकंनाच झालीया. इथं आल्याबिगर घरला येत न्हाय म्हणती."

मला वाटलं, आली चौकशी. मी तोंड आवळून तयार झाले. पण मुलगी पुढं आली, आणि तिनं आवटी सर काय वाचतात ते विचारलंच नाही.

"बाई, ते विद्वान पान्हा घेऊन तळघरात गेले. बॉयलरचं पुढं काय झालं?"

मी म्हटलं, "काय?"

"सर गोष्ट सांगत होते, आणि मामांनी मधेच तोडलं. मी मामाकडं पुस्तक मागितलं, तर म्हणाला परत दिलं. मला झोप लागंना झालीय बाई. पुढं काय झालं?"

मगदूम आण्णा कपाळावर हात मारून म्हणाले, "बघा! नकार देऊन मोकळं झालोय आमी, आन्‌ हिला बंबाची काळजी पडलीया."

सभासद नसलेल्याला पुस्तक घरी न्यायला मिळत नाही, पण वाचन कक्षात बसून वाचायला कुणालाही मोकळीक होती. मी पुस्तक काढून दिलं. ती टेबलाशी बसली, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचायला लागली. आण्णा शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसले, पण नजर तिच्यावरच. आजूबाजूला नेहमीचे म्हातारे पेपर वाचत होते. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी.

थोड्या वेळानं ती हसली. आधी हुंदका दिल्यासारखा आवाज आला, मग खळखळून, मग टेबलावर डोकं टेकून. सगळे पेपर खाली आले. नानांनी टेबलावरच्या घंटेला हात घातला.

आण्णा घाबरून उठले. "काय झालं पोरी? बरं वाटंना काय?"

"आण्णा, थांबा... सांगतो." आमच्याकडच्या पोरी घरात 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात. "असं समजा, आपल्या शेडमधला माग बंद पडलाय. आपण जॉबरला बोलावलंय दुरुस्तीला. आणि त्याच दिवशी दिल्लीहून मोठा साहेब येणार, सुतातला जाणकार, आपल्या व्यापाऱ्यांपुढं भाषण द्यायला. आणि दोघांना स्टँडवरनं आणायला गेलाय कोण? आपले दिवाणजी."

"त्यो? त्याला समोरची बस दिसत न्हाय!"

"तेच की! त्यांनी जॉबरच्या गळ्यात हार घातला."

"आँ?"

"आणि घरी नेऊन तुमच्या शेजारी जेवायला बसवलं. आणि साहेबाच्या हातात पान्हा दिला. म्हणाले, किती उशीर केलासा, घुसा मागाखाली."

"आन्‌ घुसला त्यो?"

"घुसला की, कोट काढून."

आण्णांच्या मिशा हलायला लागल्या. "मग भाषण कुणी केलं?"

"जॉबरनं! स्टेजवर बसवलं, बोला म्हणाले. त्याला वाटलं शेठ लोकांना माग का बंद पडतोय ते ऐकायचंय. उठला आणि म्हणाला, 'धागा तुटला की उगंच सूतवाल्याला शिव्या देतासा. ताण तुमी जास्त दिलाय.'"

"बराबर हाय की!" आण्णांनी टेबलावर अशी थाप मारली की पेपर उडाले. "जल्म गेला माजा ह्या लोकास्नी हेच सांगून!"

"लोकांनी टाळ्या वाजवल्या आण्णा. म्हणाले, किती खोल बोलला!"

मग मात्र आण्णा सुटले. फेटा सावरत, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत तो माणूस हसत होता. शेजारचे म्हातारे हसायला लागले. नानांचा हात घंटेवर तसाच राहिला होता आणि तेही हसत होते. मी तर काउंटर सोडून केव्हाच दारात येऊन उभी होते. तेच पुस्तक, तीच गोष्ट. हेडमास्तर, डॉक्टर, वकील, एवढे शिकलेले लोक मी पालथे घातले, आणि या मुलीनं ते इचलकरंजीच्या शेडमधे नेऊन ठेवलं तेव्हा कुठं ते हसलं गेलं.

"आन्‌ माग?" आण्णांनी डोळे पुसत विचारलं.

"चालू झाला. साहेब मागाखालनं वर आला, तोंडभर ग्रीस. म्हणाला, लई वर्षांनी मला कुणी तरी काम सांगितलं."

यावर आण्णा हसले नाहीत. त्यांनी पुढ्यातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "पोरी, पर ह्ये पुस्तकातलं. तुज्या मास्तरचं मला समदं कळलंय. पन्हाळ्याला निघून गारगोटीला जाणारा माणूस त्यो. भाजी आणाय धाडशील आन्‌ दुसऱ्याचीच पिशवी घेऊन ईल. जल्मभर असंच करणार."

"करू दे की."

"दमून जाशील."

"जाऊ दे की, आण्णा." ती पुस्तक मिटून म्हणाली, "आई गेल्यापासनं आपल्या घरात कोण हसलंय ते सांगा. मामा येतो, तो काळजी करतो. तुम्ही येतासा, ते सुताचे भाव बोलतासा. जेवण झालं की दिवा बंद. मी तुम्हाला आज हसताना बघितलं. ह्याच्या आधी कधी बघितलं ते मला आठवत न्हाय."

 आण्णांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मला वाटलं, आता मलाच रडू येणार, आणि माझ्या काउंटरवर तर पाच-सहा जण तिष्ठत उभे होते.

"मामाला काय सांगायचं?"

"मामाला मी सांगतो," सुनंदा म्हणाली.

आण्णा उठले आणि माझ्याकडं आले. "बाई, त्या मास्तरांचं घर कुठं आलं?"

मी सांगितलं. गल्ली सांगितली, खूण सांगितली, दारात तुळस आहे तेही सांगितलं. बाहेर ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. मगदूमही आवटींसारखे जैनच, दिवस मावळल्यावर हे लोक जेवत नाहीत, आणि इचलकरंजीला पोचेपर्यंत अंधार पडणार होता. सुनंदाच्या ते लक्षात आलं. "आण्णा, आधी मामाकडं जाऊन जेवून घेऊया. मग जाऊ."

ज्या घराला नकार दिला त्या घरचं आमच्याकडं पाणीसुद्धा घेत नाहीत. हे आण्णांना माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि कान टवकारून बसलेल्या साऱ्या वाचन कक्षाला माहीत होतं.

आण्णांनी फेटा डोक्यावर नीट बसवला.

"मामाकडं कशाला? मास्तरच्याच घरात जेवायचं," ते म्हणाले. "चल बिगीबिगी."